पी-५३ प्रथिन व त्याला ओळखणारी प्रतिपिंडे

शरीरात परका पदार्थ शिरला म्हणजे त्यास नेमके पकडणारी प्रथिने रक्तात निर्माण होतात. त्यांस प्रतिपिंडे म्हणतात. धनुर्वाताची लस टोचून घेताना आपण याच गुणाचा लाभ घेतो. प्रयोगशाळेत याच गुणाचा उपयोग पेशीतील एखादे प्रथिन हुडकून काढण्यासाठी करतात.

१९७९ साली लंडन येथे डेव्हिड लेन व लायनेल क्रॉफर्ड यांना, माकडातील एका विषाणूमुळे पालटलेल्या पेशींत, विषाणूच्या प्रथिनास चिकटलेले एक अनोळखी प्रथिन आढळले. अमेरिका व फ्रान्स येथील संशोधकांनाही ते त्याच वर्षी दिसले. त्याचा रेणुभार सुमारे ५३ हजार भरला, म्हणून त्यास पी-५३ म्हणू लागले. खरा भार ४४ हजारांच्या आसपास आहे, हे मागाहून कळले. पण एकदा पडलेले नाव सहसा पुसले जात नाही! पेशीतील डीएनएला इजा झाली की हे प्रथिन विशिष्ट जनुकांना चालना देऊन पेशीचे विभाजन थांबविते, किंवा पेशीस मृत्यूकडे नेते. गंमत अशी की, जवळजवळ दहा वर्षे ते कर्करोग निर्माण करणारे समजले जात होते. अभ्यासासाठी हाती आलेले नमुनेच बिघडलेल्या जनुकाचे होते. १९८९ साली हा भ्रम दूर झाला.

एकच खूण ओळखणारी प्रतिपिंडे अखंड मिळविण्याची रीत कोलर व मिलस्टाइन यांनी केंब्रिज येथे १९७५ साली दाखविली. उंदरास प्रथिन टोचून त्याच्या प्लीहेतील पेशींचा अर्बुदपेशींशी संयोग करावयाचा. मग त्या संकरित पेशी वाढतच राहतात आणि प्रतिपिंड स्रवतात. या रीतीने मिळालेले ‘डीओ-१’ हे प्रतिपिंड मानवी पी-५३ च्या ३९३ अमिनो आम्लांपैकी आरंभाजवळचा एक लहानसा तुकडा ओळखते. उंदराचे पी-५३ मात्र ते ओळखत नाही.

प्रतिपिंडास रंग देणारे विकर जोडले की पेशीकेंद्र तपकिरी दिसते. येथे नवशिका फसतो. गडद रंग म्हणजे प्रथिन जोमाने काम करीत आहे, असे त्यास वाटते. वस्तुतः निरोगी पेशीत पी-५३ अर्ध्या तासाच्या आतच बहुतांशी नष्ट होते व रंग फिकाच राहतो. बिघडलेले प्रथिन पुष्कळदा साचून राहते आणि गडद दिसते.

‘पीएबी-२४०’ नावाचे दुसरे प्रतिपिंड याहून चतुर आहे. त्याची खूण प्रथिनाच्या घडीत दडलेली असते. घडी विस्कटली तरच ती उघडी पडते. म्हणून ते बिघडलेले प्रथिन निवडून काढते. परंतु नमुना उकळून प्रथिनाची घडी आपणच मोडली, तर निरोगी व बिघडलेले हा भेद त्यास करता येत नाही. यासाठी नमुना कसा सिद्ध केला, हे प्रथम पाहावे लागते. आणि ज्यांत पी-५३ मुळीच नाही अशा पेशींवरही तोच प्रयोग करावा लागतो. तेथेही रंग आला, तर प्रतिपिंड भलत्याच प्रथिनास चिकटत आहे असे समजावे.