आपल्या समुद्रकिनाऱ्याची निगा

वसई तालुक्याची पश्चिम सीमा समुद्राने आखलेली आहे. उत्तरेस वैतरणेचे मुख, दक्षिणेस वसईची खाडी, आणि या दोहोंच्या मध्ये अर्नाळा, नवापूर, राजोडी, कळंब, भुईगाव, रानगाव व सुरुचीची बाग अशी वाळूची पट्टी पसरलेली आहे. अलीकडे सुट्टीच्या दिवशी सकाळी तरुण मंडळी हातमोजे घालून व गोण्या घेऊन या पट्टीवर कचरा वेचताना दिसतात. त्यांना कोणी वेतन देत नाही व कोणी आज्ञाही करीत नाही. हे कार्य स्तुत्य आहे, हे सांगण्यासाठी लेख लिहिण्याचे प्रयोजन नाही. आम्हास येथे एवढेच पाहावयाचे आहे की, किनाऱ्याची निगा राखणे म्हणजे नेमके काय करणे. कारण झाडलेले अंगण आणि निगा राखलेला किनारा या दोन गोष्टी एक नव्हेत.

प्रथम हा कचरा येतो कोठून, ते पाहू. उल्हास नदी राजमाचीच्या परिसरात उगम पावते व कर्जत, बदलापूर, कल्याण अशा गावांचे पाणी घेत वसईच्या खाडीतून समुद्रास मिळते. वैतरणा त्र्यंबकच्या डोंगरातून येते. नदीकाठच्या घरांनी नाल्यात टाकलेले सर्व काही या दोन वाटांनी समुद्रात जाते, आणि पावसाळ्यात नैर्ऋत्येचा वारा त्यातील तरंगणारा भाग पुन्हा आपल्या किनाऱ्यावर आणून टाकतो. म्हणून भुईगावच्या वाळूत सापडलेली दुधाची पिशवी भुईगावच्याच घरातील असेल असे नाही. परंतु ती नसेलच, असेही कोणी छातीला हात लावून सांगू नये.

पूर्वी समुद्र काहीच परत आणीत नसे असे नव्हे. तथापि त्या काळी कोळ्याचे जाळे सुताचे किंवा तागाचे असे. ते तुटून पाण्यात गेले तरी कालांतराने कुजून जाई. पॉलिथीनचा शोध १९३३ साली व नायलॉनचा १९३५ साली लागला, आणि न कुजणारा कचरा मनुष्याच्या हाती आला. प्लास्टिक उन्हाने कुजत नाही, ते फक्त फुटते. आज अखंड असलेली बाटली एका हाताने उचलता येते. तीच काही वर्षे वाळूत राहिली तर तिचे असंख्य कण होतात, आणि पाच मिलिमीटरहून लहान असे ते कण वाळूतून वेगळे काढणे कोणत्याही स्वयंसेवकाच्या शक्तीपलीकडचे आहे. वेचण्याचे खरे महत्त्व येथे आहे. ते वेळेवर झाले पाहिजे.

वेळेचा प्रश्न निघाला म्हणून भरती-ओहोटीचे गणित सांगतो. आमच्या विद्यार्थ्यांपैकी कोळीवाड्यातील मुलांना ते तोंडपाठ असते. इतरांनी ते त्यांच्याकडून शिकावे. तिथीच्या अंकाची पाऊणपट केली म्हणजे आपल्या किनाऱ्यावरील पूर्ण भरतीचा तास साधारणपणे मिळतो. चतुर्थीस चाराची पाऊणपट तीन. म्हणजे तीनच्या सुमारास पूर्ण भरती व सहा तासांनी, नऊच्या सुमारास, पूर्ण ओहोटी. पौर्णिमा व अमावास्या यांच्या आगेमागे उधाण येते, अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती असते. उधाणाने वर फेकलेला कचरा भांगाच्या भरतीच्या आवाक्यात येत नाही. तो पुढील उधाणापर्यंत तेथेच पडून राहतो. तेव्हा वद्य किंवा शुद्ध चतुर्थी-पंचमीस सकाळी साडेसातच्या सुमारास काम आरंभावे, आणि भरतीच्या सर्वांत वरच्या रेघेपासून खाली यावे. वेचलेल्या गोण्या मात्र त्याच दिवशी किनाऱ्यावरून हलविल्या पाहिजेत. त्या तेथेच राहिल्या तर पुढील उधाण त्या फोडते व सर्व श्रम समुद्रास अर्पण होतात. गाडीची व्यवस्था झाल्यावाचून गोण्या भरू नयेत, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आता काय उचलू नये, हे सांगणे अधिक अगत्याचे आहे. उत्साहाच्या भरात पुष्कळांस वाटते की, वाळूवर जे जे दिसते ते ते घाण. वाहून आलेले शेवाळ दिसावयास ओंगळ असते. पण त्याखाली बारीक किडे-जीव राहतात व पक्षी ते टिपून खातात. रिकामा शंख हे एका जातीच्या खेकड्याचे घर होय. त्याला स्वतःचे पुरेसे कवच नसल्यामुळे तो अशा शंखात शिरून राहतो. आणि जांभळ्या फुलांची जी वेल वाळूवर दूरवर धावत गेलेली असते, तिला तर हातही लावू नये. तिचे नाव मर्यादवेल. जेथे समुद्राची मर्यादा संपते तेथे ती वाढते. नाव ठेवणाऱ्याची दृष्टी वाखाणण्यासारखी आहे! तिची मुळे गाठीगाठीतून वाळूत उतरतात, उडणारी वाळू तिच्यापाशी अडते, आणि हळूहळू वाळूचा बांध तयार होतो. ही वेल उपटून किनारा ‘स्वच्छ’ करणारा मनुष्य मागील वाडीचे कुंपण मोडीत असतो. यंत्राने वाळू खरवडून कचरा काढण्याची पद्धतही आम्हास याच कारणाने मान्य नाही. सुरूची सावली आपणा सर्वांस प्रिय आहे. परंतु वाळूच खचू लागली म्हणजे सुरूची मुळे उघडी पडून झाडे आडवी होतात. नदीने आणलेली वाळू धरणांत अडली व खाडीतून उपसली गेली, तर किनाऱ्यास नवी वाळू मिळत नाही. हे दुखणे हातमोज्यांनी बरे होणारे नव्हे.

मुंबईस वर्सोव्याच्या किनाऱ्यावर ऑक्टोबर २०१५ मध्ये अफरोज शाह या वकिलांनी एका वयोवृद्ध शेजाऱ्यास बरोबर घेऊन कचरा वेचण्यास आरंभ केला. पुढे शेकडो लोक त्यांस मिळाले, आणि मार्च २०१८ मध्ये त्याच वाळूतून ऑलिव्ह रिडले जातीच्या कासवांची पिले समुद्राकडे जाताना लोकांनी पाहिली. ही वार्ता आनंदाची खरी. परंतु पुढील पावसाळ्यांत तेथे पुन्हा कचरा आलाच, ही गोष्टही तितकीच खरी आहे. पिलांचे छायाचित्र सर्वांस ठाऊक असते, पुनःपुन्हा आलेल्या कचऱ्याचे कोणी स्मरण ठेवीत नाही.

मुळाशी जाऊन काम करणारे लोक वसईस नवे नाहीत. १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून हरित वसई संरक्षण समितीने फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या नेतृत्वाखाली येथील झाडे, शेती व विहिरींचे पाणी यांच्या रक्षणासाठी चळवळ केली. २०२० च्या जानेवारीत उस्मानाबाद येथे भरलेल्या मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. २०२४ साली ते निवर्तले. त्यांच्याबरोबर चाललेल्या लोकांनी केवळ श्रमदान केले नाही. पाणी कोण नेतो व झाड कोण तोडतो, हे विचारले. किनाऱ्यावरील स्वयंसेवकांनीही एक वही जवळ ठेवावी. किती पिशव्या, किती थर्मोकोल, किती जाळ्यांचे तुकडे, कोणत्या तिथीस व कोणत्या गावी, हे लिहीत जावे. अशी वर्षभराची वही पालिकेपुढे किंवा ग्रामसभेपुढे ठेवली असता जे काम होईल, ते शंभर गोण्यांनी होणार नाही.

यात कोळी बांधवांस वगळून चालणार नाही. केरळात कोल्लमजवळ शक्तिकुलंगरा येथे २०१७ पासून मच्छीमार जाळ्यात आलेले प्लास्टिक पुन्हा समुद्रात न टाकता बंदरावर आणू लागले. ते निवडून, त्याचे बारीक तुकडे करून रस्त्याच्या डांबरात मिसळण्यात आले. आपल्याकडे डोलीच्या जाळ्यांतही मासळीबरोबर प्लास्टिक येतेच. पाचूबंदर किंवा अर्नाळा येथे असा प्रयोग करावयाचा झाल्यास जूनच्या १ तारखेपासून जुलैच्या ३१ पर्यंतचा मासेमारी-बंदीचा काळ सोयीचा आहे. होड्या तेव्हा वर ओढलेल्या असतात व दारोदारी जाळी सांधण्याचे काम चालते. नायलॉनचे तुकडे त्याच वेळी पडतात, आणि त्याच अंगणात, समुद्राच्या हाती लागण्यापूर्वी, एका टोपलीत जमा करता येतात.