बर्फात जंतू मरतात का?



गेल्या वैशाखात आमच्याकडे पाहुणे यायचे होते. मटण आधीच आणून फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवले होते. आईने ते सकाळीच ओट्यावर काढले. पाहुणे आले दिवेलागणीला! तोवर मटण ओट्यावरच. निम्मे शिजवले, उरलेले कच्चे पुन्हा बर्फात गेले. दोन दिवसांनी त्याचा रस्सा केला आणि त्याच रात्री धाकट्या भावाला उलट्या-जुलाब सुरू झाले. सलाईन लावावी लागली. आजी सारखी म्हणत होती, "अगं, बर्फातलंच होतं ते, त्याला काय होतंय?"

हा प्रश्न मी बाईंना विचारला. त्यांनी जे समजावले ते लिहीत आहे.

बर्फात थोडे जंतू मरतात, पण बहुतेक नुसते झोपी जातात. उणे १८ अंश सेल्सिअसला त्यांची वाढ थांबते. ऊब मिळाली की स्वारी जागी! ५ ते ६० अंश ही त्यांच्या सोयीची ऊब. काही जंतू तर अशा उबेत दर २० मिनिटांनी दुप्पट होतात. गणित करून पाहा. एका जंतूचे तासाभरात ८, दोन तासांत ६४, तीन तासांत ५१२, चार तासांत ४०९६. आमचे मटण तर दिवसभर बाहेर होते.

गंमत अशी की गोळ्याचा बाहेरचा भाग आधी सुटतो आणि आतला दगडासारखाच राहतो. आपण म्हणतो, अजून बर्फ आहे की! तोवर बाहेर जंतूंची जत्रा भरलेली असते.

"पण बाई, शिजवल्यावर जंतू मरतात ना?" मी विचारले. मरतात, पण काही जंतू अन्नात विष सोडून ठेवतात आणि ते उकळूनही जात नाही. हे मला ठाऊकच नव्हते.

म्हणून गोठलेले मटण किंवा मासळी आदल्या रात्री फ्रीजच्या खालच्या कप्प्यात, खोलगट ताटात ठेवावी, म्हणजे त्याचे पाणी दुसऱ्या अन्नावर गळत नाही. घाई असेल तर घट्ट बांधलेली पिशवी गार पाण्यात बुडवावी, दर अर्ध्या तासाने पाणी बदलावे आणि सुटल्याबरोबर शिजवावे. बाहेर सुटलेले कच्चे पुन्हा गोठवू नये. त्यापेक्षा आणतानाच एका वेळेला लागेल एवढ्या लहान पिशव्या कराव्यात. आम्ही आता तसेच करतो.

मटाराला एवढी कटकट नाही. सोललेले दाणे उकळत्या पाण्यात दीड-दोन मिनिटे घालायचे, लगेच गार पाण्यात टाकायचे, निथळून कापडावर कोरडे करायचे आणि पिशवीत पातळ पसरून गोठवायचे. उकळते पाणी चुकवले तर थंडीतही दाण्यांचा रंग नि चव हळूहळू उतरते. भाजीला घेताना सोडवत बसू नये, तसेच कढईत टाकावेत.

आणि काचेची बाटली काठोकाठ भरून बर्फात ठेवू नका. पाणी गोठताना फुगते. आमची एक फुटली आहे!

आता विजेचे. वीज गेली की फ्रीजचे दार उघडू नये. न उघडल्यास खालचा भाग सुमारे चार तास गार राहतो. गच्च भरलेला मोठा फ्रीझर दोन दिवस टिकतो म्हणतात, पण आपल्या फ्रीजमधला छोटा कप्पा तेवढा दम धरत नाही.

गावाला गेल्यावर मागे वीज किती वेळ गेली, हे कसे कळणार? एक युक्ती आहे. वाटीभर पाण्याचा बर्फ करायचा आणि त्यावर रुपयाचे नाणे ठेवून वाटी तिथेच ठेवायची. परत आल्यावर नाणे वर असेल तर ठीक. तळाला गेले असेल तर मधे सगळा बर्फ वितळला होता, मग आता तो कितीही कडक दिसो.

दिवाळीत आम्ही मामाकडे चार दिवस राहून आलो. आजीने चप्पल काढायच्या आधी वाटी पाहिली. नाणे तळाला! मासळीची पिशवी तिने स्वतःच परड्यात खड्डा करून पुरली. "गेले पैसे," एवढेच म्हणाली.