26 नंबरचा टी-शर्ट

आई-बाबांनो,

वाढदिवसाला गणवेशाऐवजी रंगीत कपडे घालून यायची मुभा असते, हे तुम्हाला ठाऊक आहेच. गेल्या पावसाळ्यात दुसरीतला एक मुलगा असाच नवा काळा टी-शर्ट घालून, हातात चॉकलेटचा पुडा घेऊन वर्गाच्या दारात उभा राहिला. आमची जोडाक्षरं नुकतीच सुरू झाली होती. दिसेल ती पाटी, दिसेल तो पुडा वाचायचा त्याला नादच लागला होता. मान खाली घालून, उलटी दिसणारी अक्षरं बोटाने चाचपत त्याने स्वतःच्या छातीवरचं वाचलं, "मि... र्झा... पूर! बाई, रफार वाचला मी. ह्ये गाव कुठं आलं?"

मी सांगितलं, उत्तर प्रदेशात, गंगेच्या काठी. तिथे गालिचे विणतात. अक्षरांच्या वर पिस्तूल धरलेल्या एका माणसाचा चेहरा होता. त्याच्यावर बोट ठेवून त्याने विचारलं, "आन् ह्यो कोण?"

पाटण तालुक्यात शिकवायला लागून मला 25 वर्षं झाली. मुलांच्या प्रश्नाचं उत्तर येत नसेल तर "बघून सांगते" म्हणायला मी कधी संकोचले नाही. त्या दिवशी मात्र उत्तर येत होतं आणि देता येत नव्हतं. 'मिर्झापूर' ही 16 नोव्हेंबर 2018 ला मोबाइल-टीव्हीवर आलेली मालिका. तिच्यात गालिच्यांच्या व्यापाराआड बंदुका आणि अफूचा धंदा चालतो. तिच्यातले खून, शिव्या आणि शय्यादृश्यं यामुळे ती 18 वर्षांवरच्या प्रेक्षकांसाठी आहे, असं सुरुवातीलाच लिहून येतं. माझ्या मोठ्या मुलासोबत मी तिचे दोन भाग पाहिले आणि उठून आत गेले. या माणसाविषयी सात वर्षांच्या पोराला काय सांगायचं? मी म्हटलं, "नाटकातला आहे." तो खूश झाला आणि चॉकलेटं वाटत सुटला. मधल्या सुट्टीपर्यंत मोठ्या वर्गातल्या मुलांनी त्याला मालिकेतल्यासारखं 'भैया' म्हणायला सुरुवात केली होती.

संध्याकाळी त्याची आई भेटली. मी काही बोलायच्या आत तीच म्हणाली, "बाई, पप्पांनी आणलाय यात्रेला येताना. कापड किती मऊ हाय बघा." वडील वाशीच्या मार्केटला माथाडी. या तालुक्यात असं घर शोधावं लागत नाही. माथाडींना संघटित करणारे अण्णासाहेब पाटील आपल्याच मंद्रुळकोळ्याचे. त्या लढ्यातून 1969 चा माथाडी कायदा झाला, आणि त्या कायद्याच्या आधाराने आपल्या खोऱ्यातल्या कितीतरी चुली पेटल्या. दिवसभर पाठीवर पोती वाहिलेला बाप रात्री फुटपाथवरच्या ढिगाऱ्यातून लेकासाठी शर्ट निवडतो. कापड चोळून बघतो, शिवण ओढून बघतो, लेकाची उंची आठवून नंबर मागतो. त्या शर्टाला मी नावं ठेवू कशी? म्हणूनच ही चिठ्ठी दोष द्यायला लिहिलेली नाही. आपण सगळे मिळून जी एक गोष्ट बघायची विसरतो, तेवढीच दाखवायची आहे.

कॉलरच्या आत एक पट्टी असते. त्या शर्टाच्या पट्टीवर 26 हा आकडा होता, म्हणजे साधारण सात-आठ वर्षांच्या मुलाचं माप. छातीवर ज्या मालिकेचं नाव, तिच्यावर आकडा 18. एकाच कपड्यावर एकाच मुलासाठी दोन वयं. बाजाराला यातलं पहिलंच कळतं, कारण त्याला मापच विकायचं असतं. दुसरं बघणारं कुणीच नाही.

पडद्यासाठी निदान नियम आहेत. 25 फेब्रुवारी 2021 ला केंद्र सरकारने इंटरनेटवरच्या मालिकांसाठी वयाचे पाच गट ठरवले: सगळ्यांसाठी, 7 वर्षांवरच्यांसाठी, 13 वर्षांवरच्यांसाठी, 16 वर्षांवरच्यांसाठी आणि फक्त प्रौढांसाठी. 13 आणि त्यापुढच्या गटांना पालकांनी कुलूप लावायची सोय हवी, आणि फक्त प्रौढांच्या मालिकांसाठी वयाची खात्री करायची व्यवस्था हवी, असंही त्यात आहे. पण त्याच मालिकेचं चित्र कापडावर उतरलं की हे सगळं मागे राहतं. शर्टावर वयाचा शिक्का मारा, असं छापणाऱ्याला कुणी सांगत नाही.

हे कपडे छापतात कसे, हेही समजून घ्या, म्हणजे दुकानदारावर उगाच राग धरला जाणार नाही. पाटणच्या दुकानात येणारा माल बहुतेक कराडहून, नाहीतर कोल्हापूरजवळच्या गांधीनगरच्या घाऊक बाजारातून येतो. होजिअरीचं कापड तमिळनाडूतल्या तिरुपूरचं असतं. पूर्वी छपाईसाठी जाळीचे साचे करावे लागत. एका चित्राचे शेकडो नग निघाल्याशिवाय ते परवडत नसे, म्हणून चित्र विचार करून निवडलं जाई. आता मोबाइलवरचं कोणतंही चित्र फिल्मवर छापतात, त्यावर पावडर टाकून तापवतात आणि कपड्यावर ठेवून गरम प्रेसखाली दाबतात. एक नगसुद्धा निघतो. कॉलेजच्या मुलांसाठी जे चित्र चाललं, तेच लहान करून 22, 24, 26 नंबरवर दाबलं जातं. लहान मुलांसाठी वेगळा विचार कुणी केलेलाच नसतो. वाईट हेतू कुणाचाच नाही. तरीही ते चित्र सात वर्षांच्या छातीवर येऊन बसतं.

मिर्झापूरचं पिस्तूल तरी डोळ्यांना खुपतं. मला जास्त काळजी वाटते ती न खुपणाऱ्या चित्रांची. हिरवा ट्रॅकसूट, त्यावर 456 हा आकडा. गुलाबी कपड्यातली माणसं, त्यांच्या काळ्या मुखवट्यांवर गोल, त्रिकोण, चौकोन. पिवळा टी-शर्ट आणि वर केशरी फ्रॉक घातलेली, दोन वेण्यांची मोठी बाहुली. यात कोणत्या आईला वावगं दिसेल? गोल-त्रिकोण-चौकोन तर आम्ही पहिलीत शिकवतो. ही 'स्क्विड गेम' नावाची कोरियन मालिका, 17 सप्टेंबर 2021 ला आली. कर्जात बुडालेली 456 माणसं पैशांसाठी लहान मुलांचे खेळ खेळतात आणि जो हरेल त्याला मारून टाकतात. गोट्याही त्यात आहेत, रस्सीखेचही आहे. विषय कर्जाचा, माणसाच्या लाचारीचा, मोठ्यांनी गंभीरपणे बघावा असा. पण सगळी मांडणी खेळण्यांची, म्हणून मुलांना ती आपलीच वाटते.

बेल्जियममध्ये एर्केलिन नावाचं छोटं गाव आहे. तिथल्या एका शाळेला 2021 मध्ये पालकांना सावध करावं लागलं. पळता पळता पुतळ्यासारखं थांबायचा एक साधा खेळ तिथली मुलं मैदानावर खेळत होती आणि हरणाऱ्याला मार देत होती. ते वाचलं तेव्हा मला फार दूरचं वाटलं होतं. मग एका दुपारी आमच्याच मैदानावर मुलं 'स्टॅच्यू' खेळताना दिसली. जो हलला त्याच्याकडे बोट रोखून एक मुलगी "ठो" म्हणत होती, आणि तो निमूट मातीत आडवा होत होता. अंगावर ट्रॅकसूट एकाच्याच होता. मालिका कुणी पाहिली म्हणून विचारलं, तर एकानेही पाहिलेली नव्हती. दोन-चार तुकडे मोबाइलवर पाहिलेले, बाकी सगळं त्या ट्रॅकसूटवाल्याकडून कळलेलं.

शर्टाचं खरं काम हेच आहे. मालिका अजून घरात आलेली नसते, पण तिची ओळख अंगावर आलेली असते. मग मूल विचारतं, "माझ्या शर्टावर हाय, मग मला का नाही बघायचं?" या प्रश्नाला तुमच्याकडे काय उत्तर आहे? मोबाइल हिसकावताना आपण म्हणतो, "हे तुझ्यासाठी नाही." आणि वाढदिवसाला तेच नाव कागदात गुंडाळून, औक्षण करून त्याच्या हातात देतो. मुलं आपलं बोलणं विसरतील, दिलेली वस्तू विसरत नाहीत. कपडा हा त्यांच्या लेखी आई-बापाचा होकार असतो.

असा शर्ट घातला म्हणून मूल गुंड होतं, असं मी म्हणत नाही. तसं मी कधी पाहिलेलं नाही. पण कपडा बघून लोक मुलाशी कसे वागतात, ते मी पाहिलं आहे, आणि त्यात माझीही चूक आहे. काही वर्षांपूर्वी 'रात्रीस खेळ चाले' घराघरात बघितली जात होती. ती रात्री साडेदहाची, मोठ्यांची मालिका. त्या वर्षी आमच्या गॅदरिंगला वेशभूषेत पहिलीतली एक मुलगी त्या मालिकेतली शेवंता बनून आली. आईने हौसेने नेसवलेली साडी, गजरा, सगळं होतं. आम्ही शिक्षकांनीच तिचं नाव यादीत घेतलं होतं. ती मंचावर आली आणि मागच्या रांगांतून मोठ्या माणसांच्या शिट्ट्या आल्या. सहा वर्षांची पोर. तिला काही कळलं नाही, पण आपल्याला हसत आहेत एवढं कळलं, आणि ती तिथेच रडू लागली. मी धावत जाऊन तिला उचललं. त्या शिट्ट्या तिच्यासाठी नव्हत्या, पडद्यावरच्या बाईसाठी होत्या. पण ऐकाव्या तिला लागल्या. तेव्हापासून वेशभूषेची यादी मी स्वतः बघते.

ज्यांना आपण कार्टून म्हणून सोडून देतो तिथेही थोडं थांबा. शिनचॅनचं चित्र असलेला शर्ट नाही असं घर आज कमी. तो मुळात 1990 मध्ये जपानमध्ये मोठ्या पुरुषांसाठी निघणाऱ्या चित्रकथांच्या साप्ताहिकात आला. आपल्याकडे 2006 मध्ये हंगामा वाहिनीवर लागला, पालकांच्या तक्रारी गेल्या, 2008 मध्ये तो बंद करायला लावला गेला, आणि नंतर काटछाट होऊन परत आला. तो शर्ट जाळा असं मी सांगत नाही, माझ्या भाच्याकडेही आहे. मला त्यात दिसतं ते एवढंच, की ती काटछाट पालक बोलले म्हणून झाली. अमेरिकेतही 'ब्रेकिंग बॅड' या अमली पदार्थांवरच्या मालिकेच्या बाहुल्या टॉइज आर अस या खेळण्यांच्या मोठ्या दुकानांत ठेवल्या होत्या. बाहुलीसोबत नोटांची पिशवी आणि ड्रगची पुडीसुद्धा होती. 2014 मध्ये फ्लोरिडातल्या एका आईने त्याविरुद्ध सह्यांची मोहीम काढली आणि दुकानांनी त्या काढून घेतल्या. ती बाई कुणी पुढारी नव्हती.

आता घरात आलेल्या शर्टाचं काय? त्या मुलाच्या आईने मला हेच विचारलं. "बाई, फेकून कसा द्यायचा? बापानं आणलाय." फेकायचा नाहीच. मुलाच्या अंगावरून ओरबाडून काढायचा तर मुळीच नाही, कारण त्याला त्यात बाप दिसतो. आधी त्याला विचारा, तुला यातलं काय आवडलं? दहापैकी आठ मुलं काळा रंग म्हणतात, नाहीतर "दादाकडं पण हाय" म्हणतात. मालिका कुणीच म्हणत नाही. मग तेवढं राखून बाकीचं झाकता येतं. आपल्याकडे घरोघरी आज्या वाकळ शिवतात. ठिगळ नेमकं कसं बसवायचं, हे त्यांना कुणी शिकवायला नको. त्या आईने सासूकडून शर्टावर जुन्या खणाचा मोठा खिसा लावून घेतला. पोरगं आता त्यात गोट्या ठेवतं. वडिलांना फोनवर मोकळेपणाने सांगितलं, तेव्हा ते म्हणाले, "मला वाचताच आलं नसतं एवढ्या अंधारात. पुढच्या येळी साधा आणतो." त्यांना राग आला नाही.

मामा, काका, आत्या आणतात तेव्हा जास्त अवघड होतं, मला कळतं. दिलेल्या कपड्याला नाव ठेवायची आपली रीत नाही. पण आणायच्या आधी सांगायला काय हरकत आहे? "दादा, पोराला कपडे आणशील तर साधे आण, चित्र असलं तर प्राण्याचं, झाडाचं आण." दुकानातही एकदा म्हणून बघा, "यावरचं काय आहे ते सांगा, नाहीतर दुसरा दाखवा." चार गिऱ्हाइकांनी विचारलं की गांधीनगरला माल भरताना दुकानदार स्वतः बघू लागतो. त्याला माल खपवायचा आहे, तुमच्याशी वैर नाही.

आपल्याकडे बाळाचं पहिलं झबलं आजीच्या जुन्या, मऊ झालेल्या लुगड्याचं करतात. मोठ्यांनी वापरलेलं कापड मुलाच्या अंगाला लागावं, त्यांचं आयुष्य त्याला मिळावं, म्हणून. कुंचीला गोटा लावताना आई काय पुटपुटते, ते तिलाच ठाऊक. सात वर्षांत ते मूल एवढं परकं होत नाही, की त्याच्या छातीवर कोण बसलंय हे आपण बघूही नये.

दिवाळी जवळ आली आहे. कराडला जाल, पाटणच्या पेठेत जाल, मुंबईहून कुणी पिशवी भरून पाठवील. नंबर बघायच्या आधी छातीवरचं वाचा. इंग्रजी असेल, वाचता आलं नाही, तर घरातल्या मोठ्या मुलीला विचारा. तीही नसेल, तर दुकानातूनच फोटो काढून मला पाठवा. माझा नंबर तुमच्या मुलाच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहिलेला आहे. रात्री नऊपर्यंत मी वाचून सांगेन.

तुमच्या मुलांच्या बाई