रक्तातील कोलेस्टेरॉल आणि स्नायूंचे आरोग्य

काचीगुड्याच्या बाजारपेठेत सकाळी दुकान उघडणारा व्यापारी रात्री गल्ला मोजून उठतो, तोपर्यंत दहा-बारा तास गादीवरची त्याची बैठक सहसा मोडत नाही. माल चढविण्या-उतरविण्यास हमाल असतात आणि घरी जाण्यास वाहन असते. अशा आमच्या व्यवसायबंधूंच्या हाती रक्ततपासणीचा कागद आला, की दृष्टी प्रथम 'कोलेस्टेरॉल' या शब्दावर जाते. आकडा वाढलेला दिसला की तूप बंद होते. तो बेताचा दिसला की चिंता मिटते. दोन्ही प्रसंगी एका मोठ्या भागीदाराचा आपणांस विसर पडतो. तो भागीदार म्हणजे आपले स्नायू. या दोहोंचा संबंध वाचकांपुढे मांडावा, एवढाच आमचा हेतू आहे.

कोलेस्टेरॉल म्हणजे काय?

कोलेस्टेरॉल हा मेणासारखा पदार्थ असून तो स्वभावतः विष नव्हे. प्रत्येक पेशीचे आवरण, पित्त, कित्येक संप्रेरके व 'ड' जीवनसत्त्व यांच्या घडणीस तो लागतो. स्नायूंच्या पेशींचे आवरणही त्यास अपवाद नाही. त्याचा मोठा भाग शरीर स्वतःच निर्माण करते. यास्तव जन्मभर शाकाहारी असणाऱ्या मनुष्याचेही कोलेस्टेरॉल वाढू शकते. वनस्पतिजन्य तेलांत ते मुळातच नगण्य असल्यामुळे डब्यावरील 'कोलेस्टेरॉलविरहित' या शब्दाने त्या तेलास विशेष गुण प्राप्त होत नाही. आहारातील संपृक्त चरबी, वनस्पती तुपातील घातक मेद आणि आनुवंशिकता यांचा परिणाम अधिक महत्त्वाचा होय. 2022 च्या जानेवारीपासून भारतात तेल व वनस्पती तुपातील अशा घातक, म्हणजे ट्रान्स, मेदाची मर्यादा 2 टक्के ठरविण्यात आली, ती याच कारणास्तव.

रक्तात कोलेस्टेरॉल वाहून नेणारे एल.डी.एल. कण वाढले असता रक्तवाहिन्यांच्या भिंतींत ते साचते. ट्रायग्लिसराइड ही रक्तातील निराळी चरबी होय. तिचा आकडाही त्याच कागदावर असतो.

स्नायूंचे कार्य

आपल्या इच्छेनुसार चालणारे, हाडांना जोडलेले स्नायू केवळ ओझे उचलण्यासाठी नाहीत. जेवणानंतर रक्तात आलेल्या साखरेचे ते एक मोठे ग्राहक आहेत. त्यांच्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांत एक विकर असते. ते ट्रायग्लिसराइड फोडून स्नायूंना इंधन पुरविते. स्नायू हालते राहिले तर हे विकर कार्यक्षम राहते, बैठक लांबली की ते मंदावते. मग न खपलेल्या साखरेची यकृत चरबी करते, ट्रायग्लिसराइड वाढतात व एच.डी.एल. घटते.

मात्र अतिशयोक्ती नको. व्यायामाने एल.डी.एल. फारसे उतरत नाही. तेथे आहार व गरजेप्रमाणे औषध यांचेच काम.

सडपातळ देह, तरी चरबी अधिक

आपल्याकडे मनुष्य बारीक दिसला की तो निरोगी, असा समज आहे. 2004 साली पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी 'लॅन्सेट' नियतकालिकात स्वतःचेच उदाहरण दिले. उंचीच्या मानाने वजन मोजणारा निर्देशांक दोघांचाही 22.3 होता, परंतु देहातील चरबी डॉ. युडकिन यांची 9.1 टक्के, तर डॉ. याज्ञिक यांची 21.2 टक्के निघाली. वजनकाट्याने लपविलेली गोष्ट मोजणीने उघड केली. कमी स्नायू व अधिक चरबी, अशी ठेवण भारतीयांत पुष्कळ आढळते. 2023 साली प्रसिद्ध झालेल्या आय.सी.एम.आर.-इंडियाब या देशव्यापी पाहणीत 81.2 टक्के प्रौढांच्या रक्तातील मेदांत काही ना काही दोष आढळला, याचे आश्चर्य वाटू नये.

औषध आणि स्नायुदुखी

कोलेस्टेरॉल उतरविण्यास दिल्या जाणाऱ्या स्टॅटिन औषधांचा शोध जपानचे अकिरा एन्डो यांच्या बुरशीवरील संशोधनातून लागला. ही औषधे स्नायूंना क्वचित गंभीर इजा करू शकतात. सेरिव्हास्टॅटिन हे औषध 2001 साली याच कारणाने बाजारातून मागे घेण्यात आले. परंतु या भयाने पुष्कळजण गोळी आपल्या मनाने सोडतात, ते हितकर नव्हे. 2022 साली 1,23,940 व्यक्तींवरील 19 प्रयोगांचा एकत्र विचार झाला, तेव्हा स्नायूंचा त्रास सांगणारे स्टॅटिन घेणाऱ्यांत 27.1 टक्के, तर निर्गुण गोळी घेणाऱ्यांत 26.6 टक्के निघाले. अर्थात बहुतेकांचे दुखणे गोळीचे नव्हते.

तरीही दुखणे क्षुल्लक मानू नये. थायरॉइड ग्रंथी मंद झाली असता कोलेस्टेरॉल वाढते आणि स्नायूही दुखतात. मूळ कारण सापडले तर दोन्ही तक्रारींवर एकत्र इलाज होतो. लघवी गडद तपकिरी होणे व हातपाय अतिशय गळून जाणे, ही लक्षणे दिसताच विलंब न करता वैद्यकीय साहाय्य घ्यावे.

आपण काय करावे?

काचीगुड्याहून काही मैलांवर, तार्नाक्यास, राष्ट्रीय पोषण संस्था आहे. 1918 साली कुन्नूरला उदयास आलेली ही संस्था 1958 साली हैदराबादेस आली. तिच्या 2020 च्या शिफारशीनुसार प्रौढास वजनाच्या दर किलोमागे प्रतिदिनी 0.83 ग्रॅम प्रथिने हवीत. म्हणजे साठ किलोच्या व्यक्तीस सुमारे पन्नास ग्रॅम. डाळी, दूध, दही व शेंगदाणे यांतून ती शाकाहारातही मिळतात. मात्र पानात केवळ भात व पोळी यांचीच भर असू नये. दीर्घ उपवासात देह स्नायूंतील प्रथिनेही खर्च करतो. म्हणून पर्युषणात उपवास करणाऱ्या वृद्धांनी व औषधे चालू असणाऱ्यांनी आधी वैद्याचा सल्ला घ्यावा.

जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020 च्या सूचनेप्रमाणे आठवड्यात 150 ते 300 मिनिटे मध्यम श्रम, उदाहरणार्थ जलद चालणे, आणि किमान दोन दिवस स्नायूंना बळ देणारा व्यायाम करावा. दुकानातही तासाभराने गादी सोडून चार पावले टाकावीत.

व्यापारी केवळ विक्री पाहून नफा ठरवीत नाही. शिल्लक मालही मोजतो. तद्वत् केवळ रक्ताचा आकडा पाहून आरोग्य ठरवू नये. वयोमानानुसार स्नायूंची शिल्लक घटत जाते. ती भरून काढण्याचे काम आजपासूनच आरंभावे, हीच व्यवसायबंधूंस आमची विनंती.