शिलालेख वाचणारे डॉक्टर : भाऊ दाजी लाड

मुलगा डॉक्टर झाला म्हणजे त्याचे शिक्षण पुरे झाले, असे आपल्या घराघरांतून समजले जाते. पेढे वाटतात, दारावर पाटी लागते आणि पुस्तके माळ्यावर जातात. म्हणून विद्यार्थी मित्रांसमोर आम्ही एका डॉक्टरांचे उदाहरण ठेवीत आहोत.

रामकृष्ण विठ्ठल लाड ऊर्फ भाऊ दाजी हे मूळचे गोव्याचे. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातून १८५१ साली पहिली तुकडी बाहेर पडली, तीत ते होते. गोरगरिबांना त्यांनी मोफत औषध दिले, कुष्ठरोग्यांवर उपचार केले. भायखळ्याच्या वस्तुसंग्रहालयाला १९७५ साली त्यांचे नाव देण्यात आले, त्यामुळे नाव ऐकलेले असते. परंतु आपला त्यांच्याशी खरा संबंध आहे तो अजिंठ्यामुळे.

अजिंठ्याला आपल्यापैकी अनेकजण जाऊन आले आहेत. वंदना होते, चित्रे पाहिली जातात, फोटो निघतात. सोळाव्या लेण्याच्या ओसरीबाहेर डाव्या बाजूच्या भिंतीवर झिजलेली अक्षरे आहेत, तिकडे कोणी वळत नाही. (पहिल्या खेपेस आम्हीही वळलो नव्हतो.) वाकाटक राजा हरिषेण याचा मंत्री वराहदेव याने पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात हे लेणे कोरवून भिक्खुसंघाला अर्पण केले, हे त्या अक्षरांवरूनच कळते. लेणी पांडवांनी एका रात्रीत कोरली, असे सांगणाऱ्याला याहून चांगले उत्तर कोणते?

अजिंठ्याच्या लेखांचे वाचन व भाषांतर भाऊ दाजींनी रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या नियतकालिकात प्रसिद्ध केले. अक्षरे अर्धीमुर्धी गेलेली, त्यामुळे काही वाचने चुकली. पुढे ब्यूलर, वा. वि. मिराशी यांसारख्या विद्वानांनी ती दुरुस्त केली. आम्हाला यात कमीपणा वाटत नाही. आधी कोणी वाचलेच नसते तर दुरुस्ती कशाची झाली असती?

रोग्यांची रीघ सांभाळून सगळीकडे हिंडणे त्यांना शक्य नव्हते. म्हणून १८६१ पासून त्यांनी जुनागढच्या भगवानलाल इंद्रजी या तरुणाला हाताशी घेतले. भगवानलाल गावोगाव जाऊन लेखांच्या नकला आणीत आणि भाऊ दाजी त्यांचा अर्थ लावीत. हेच भगवानलाल पुढे नामांकित संशोधक झाले. नालासोपाऱ्याच्या स्तूपाचे उत्खनन १८८२ साली त्यांनीच केले. तेथे धातुकरंडक सापडला आणि त्यात तथागतांच्या भिक्षापात्राचे मानले जाणारे तुकडे होते. ते पाहायला भाऊ दाजी मात्र नव्हते, १८७४ सालीच त्यांचे निधन झाले होते.