ट्राय की पेन्टा?

अंबरनाथच्या एमआयडीसीत आठ वर्षं स्टोअर सांभाळलं, मग बदलापुरात घरीच नववी-दहावीच्या शिकवण्या सुरू केल्या. रेणुसूत्रांनी दोन्हीकडे पाठ सोडली नाही.

१. नावातला आकडा गिळू नये. नवा असताना मी चिठ्ठीवर नुसतं 'फॉस्फरस क्लोराईड' लिहिलं. गोदामातून आला पेन्टा, म्हणजे पिवळट पांढरी पूड. हवा होता ट्राय, तो पाण्यासारखा पातळ. दमट हवेत धुमसतात दोघेही, पण एकाचं काम दुसऱ्याकडून होत नाही. सुपरवायझर ओरडले, "अरे, क्लोरीन तीन की पाच, हे मी स्वप्नात बघू का?" अख्खी पाळी वाया गेली.

२. आधी बघायचं, यात धातू आहे का? ॲल्युमिनिअम क्लोराईडमध्ये क्लोरीन तीनच, तरी ट्राय म्हणत नाहीत. ॲल्युमिनिअमची संयुजा ठरलेली. दोन्ही अधातू असले की भागीदारीचा हिशेब दरवेळी वेगळा. एकट्या नायट्रोजन-ऑक्सिजनचीच अर्धा डझन संयुगं निघतात. मग मोजून सांगण्यावाचून गत्यंतर नाही.

३. संयुजांच्या तिरकस गुणाकाराने सूत्र लिहायची सवय इथे नडते. "सर, भाग जातोय की!" म्हणत मुलं सूत्र छाटतात. डायनायट्रोजन टेट्रॉक्साइड म्हणजे दोन नायट्रोजन, चार ऑक्सिजन. दोनाने भागलंत की उरतो एनओटू. तो तांबूस वायू, मूळचा टेट्रॉक्साइड मात्र रंगहीन. वहीत एक रेघ मारली आणि पदार्थच बदलला! नावाने जेवढे सांगितले तेवढेच संज्ञेखाली लिहायचे.

४. पहिल्याला मोनो लागत नाही, दुसऱ्याला लागतो. कार्बन मोनॉक्साइड. इथे फार घोटाळत बसू नये.

५. उदाहरण लोकलच्या टप्प्यात शोधावं. शहाडला रेयॉन बनतं. लाकडाच्या लगद्याचं व्हिस्कोस करायला कार्बन डायसल्फाइड लागतं. टँकरवर ११३१ आकडा दिसला की तेच समजायचं. तिकडून येणाऱ्या पोराला 'एक कार्बन, दोन गंधक' घोकावं लागलं नाही.

६. जुन्या नावांशी भांडू नये. पाणी, अमोनिया ही तशीच चालतात. एकदा वालधुनीकाठची एक मुलगी सडक्या अंड्यांच्या वासावरून अडली, "सर, हायड्रोजन सल्फाइडात हायड्रोजन दोन, मग डाय कुठंय?" तिने वहीत 'डायहायड्रोजन सल्फाइड' लिहिलं होतं. मी बरोबरची खूण केली, आणि बोर्डाच्या पेपरात मात्र नेहमीचंच लिही म्हटलं.