तांब्यावर कोरलेला देश

हॉलंडमधील ॲमस्टरडॅम शहरात १६३० साली एक नकाशा विक्रीस आला. उत्तर अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील व्हर्जिनिया नावाच्या प्रदेशाचा तो नकाशा होता. त्याच्या मध्यभागी चेसापीक नावाचा विस्तीर्ण उपसागर असून त्याला मिळणाऱ्या नद्या झाडाच्या फांद्यांसारख्या पसरलेल्या दिसत. डाव्या कोपऱ्यात पौहॅटन नावाचा राजा आपल्या लांबट घरात बसलेला होता आणि उजव्या बाजूस धनुष्य घेतलेला एक उंचापुरा योद्धा उभा होता. नकाशाच्या माथ्यावर उत्तर नसून पश्चिम होती. त्यामुळे समुद्रावरून येणाऱ्या खलाशाला किनारा जसा समोर दिसेल, तसाच तो कागदावरही दिसे. नकाशाखाली प्रकाशकाचे नाव होते विलेम ब्लाऊ. परंतु ज्या तांब्याच्या पत्र्यावरून तो छापला होता, त्याच पत्र्यावर एका वर्षापूर्वी दुसऱ्याच माणसाचे नाव होते!

हे कसे घडले, ते समजण्यासाठी त्या काळी नकाशे कसे तयार होत, हे प्रथम पाहिले पाहिजे.

दानपत्रे ताम्रपटांवर कोरून ठेवण्याची चाल महाराष्ट्रातील प्राचीन राजांना ठाऊक होती. शिलाहारांचे व राष्ट्रकूटांचे असे कितीतरी ताम्रपट सापडले आहेत. पण ताम्रपट हा वाचण्यासाठी कोरलेला असे. युरोपातील नकाशाचा पत्रा छापण्यासाठी कोरला जाई. म्हणून त्यावरील प्रत्येक गोष्ट उलटी असावी लागे. पूर्व किनारा पश्चिमेकडे, डोंगर उजवीकडचे डावीकडे, आणि शेकडो गावांची बारीक नावे आरशात दिसतात तशी उलट्या अक्षरांत! कारागीर गुळगुळीत पत्र्यावर पोलादी कोरणी हाताने ढकलीत नेई आणि तिच्या टोकापुढे तांब्याची नाजूक तार उकलत जाई. मग साऱ्या पत्र्यावर शाई चोळीत व पृष्ठभाग स्वच्छ पुसून घेत. शाई केवळ कोरलेल्या रेषांतच शिल्लक राही. त्यावर ओलसर कागद ठेवून पत्रा दोन जड लाटांमधून ओढला म्हणजे कागद रेषांतील शाई उचलून घेई. रंग भरण्याचे काम मात्र छपाईनंतर कुंचल्याने, एकेका प्रतीवर हातानेच होई.

तांबे हा धातू कठीण खरा, पण हट्टी नव्हे. पत्र्यावरील एखादे नाव नको झाले, तर कारागीर तेवढा भाग खरवडून काढी. तेथे पडलेला खळगा पत्र्याच्या मागील बाजूने हलके ठोके देऊन वर आणी, घासून चकचकीत करी आणि त्या जागी नवे नाव कोरी. साऱ्या देशाला धक्का न लागता त्याचा प्रकाशक बदलत असे. पत्रे विकत घेणारा व्यापारी त्यांवर आपले नाव घाली, आणि त्या धंद्यात ही नित्याची रीत होती.

व्हर्जिनियाच्या पत्र्यावरील मूळ नाव योडोकस होंडियस या तरुण प्रकाशकाचे होते. त्याचे वडीलही योडोकसच. त्यांनी १६०४ साली विख्यात नकाशाकार मर्केटर याचे पत्रे खरेदी केले आणि १६०६ साली त्यांत भर घालून मोठा नकाशासंग्रह काढला. नकाशांच्या ग्रंथाला ‘ॲटलस’ हे नाव या मर्केटरनेच दिले होते. १६१२ मध्ये वडील वारले. त्यांची विधवा पत्नी व दोन मुले, योडोकस आणि हेन्रिकस, यांनी धंदा सांभाळला. पुढे थोरल्या योडोकसने आपला व्यवसाय वेगळा केला. व्हर्जिनियाचा पत्रा त्याने १६१८ च्या सुमारास सिद्ध करविला होता. १६२९ च्या ऑगस्टमध्ये तो अकाली मरण पावला, आणि त्याचे चाळिसाच्या आसपास पत्रे ब्लाऊने विकत घेतले.

ब्लाऊ काही सामान्य दुकानदार नव्हता. तरुणपणी त्याने टायको ब्राहे या थोर ज्योतिर्विदाजवळ राहून शिक्षण घेतले होते. त्याचे पृथ्वीगोल व सागरी नकाशे खलाशी विश्वासाने वापरीत. त्याचे मूळ नाव विलेम यान्सझोन. शेजारीच योहानेस यान्सोनियस या दुसऱ्या प्रकाशकाचे दुकान होते. दोघांच्या नावांतील साम्यामुळे गिऱ्हाइकांचा घोटाळा होई, म्हणून त्याने आपल्या नावापुढे ब्लाऊ हे आडनाव लावले. हा यान्सोनियस होंडियसांचा जावई होता. तेव्हा मृत योडोकसचे पत्रे ब्लाऊच्या हाती गेले, ही घटना होंडियस घराण्याला किती झोंबली असेल, याची कल्पना करता येते.

१६३० साली ब्लाऊने साठ नकाशांचा संग्रह प्रसिद्ध केला. त्यातील निम्म्याहून अधिक नकाशे होंडियसच्या पत्र्यांवरून छापलेले होते. नावे तेवढी नवी होती. हेन्रिकस व त्याचा मेहुणा यान्सोनियस स्वस्थ बसले नाहीत. त्याच वर्षी त्यांनी दोन कोरीवकाम करणाऱ्यांशी करार केला: दीड वर्षात छत्तीस पत्रे कोरून द्यावयाचे. भावाच्याच नकाशांच्या नकला आता त्यांना नव्याने करवून घ्याव्या लागल्या. लवकरच हेन्रिकसच्या नावाचाही व्हर्जिनियाचा नकाशा बाजारात आला. दोन दुकानांत दोन नावांनी एकच प्रदेश विकला जाऊ लागला.

परंतु ज्या प्रदेशासाठी ही स्पर्धा चालली होती, त्याचे हे चित्र मुळात आणले कोणी? ते श्रेय इंग्रज कप्तान जॉन स्मिथ याचे. १६०७ साली इंग्रजांनी जेम्सटाउन ही वसाहत वसविली. पुढल्या वर्षीच्या उन्हाळ्यात स्मिथने एका उघड्या होडीतून मोजक्या सोबत्यांसह दोन वेळा चेसापीकचा प्रवास केला. वादळात त्यांचे शीड फाटले. तेव्हा अंगावरील सदऱ्यांची ठिगळे लावून त्यांनी ते दुरुस्त केले. त्याचा नकाशा विल्यम होल या कारागिराने कोरला व १६१२ साली ऑक्सफर्ड येथे प्रसिद्ध झालेल्या पुस्तकासोबत तो निघाला. योडोकसचा पत्रा ही त्याचीच नक्कल होय.

स्मिथच्या त्या मूळ नकाशावर नद्यांच्या काठी ठिकठिकाणी लहान लहान क्रूस काढलेले आहेत. त्यांचा अर्थ नकाशावरच सांगितला आहे. क्रूसापर्यंतचा प्रदेश इंग्रजांनी स्वतः पाहिला. त्यापलीकडचा तेथील रहिवाशांच्या सांगण्यावरून काढला. आपण कोठवर गेलो आणि कोठून पुढे दुसऱ्याच्या शब्दावर विसंबलो, हे इतक्या स्वच्छपणे सांगणारे नकाशाकार त्या काळी थोडेच होते. पाहिलेले व ऐकलेले बहुतेक जण एकाच शाईत मिसळून टाकीत. नकाशात दाखविलेली दोनशेच्या आसपास गावे तेथील मूळ लोकांची होती आणि त्यांची नावे त्यांच्याच भाषेतली. पोटोमॅक, रॅपाहॅनॉक या नद्यांना आजही तीच नावे आहेत. ज्यांनी डोंगरापलीकडच्या वाटा परक्यांना सांगितल्या, त्यांतील कोणाचेही नाव मात्र प्रकाशकाच्या जागी कधी आले नाही. पुढे त्यांची बहुतेक भूमीही त्यांच्या हातून गेली.

नकाशावरील चित्रे तर आणखी निराळ्याच वाटेने आली होती. जॉन व्हाइट या चित्रकाराने शेजारच्या किनाऱ्यावरील लोकांची चित्रे काढली होती. त्यांवरून कोरलेली चित्रे १५९० साली छापली गेली, आणि होलने राजाचे घर व धनुर्धारी योद्धा यांसाठी तीच उसनी घेतली. एका जमातीचे देव्हारे दुसऱ्या जमातीचा राजवाडा झाले, आणि पुढील प्रत्येक नकलेत ते तसेच उतरत गेले.

ब्लाऊ १६३८ साली मरण पावला. त्याचा मुलगा योआन याने १६६२ मध्ये अकरा खंडांचा व सुमारे सहाशे नकाशांचा महासंग्रह काढला. त्यातही व्हर्जिनियाचा हा पत्रा होता. पत्र्याला अर्धशतकाकडे वाटचाल करता आली, पण त्यावरील ज्ञान १६०८ पलीकडे फारसे सरकले नव्हते. १६७२ च्या फेब्रुवारीत एका रात्री योआनच्या छापखान्याला आग लागली. कागद, यंत्रे आणि कितीतरी पत्रे तीत गेली. पुढल्या वर्षाच्या अखेरीस योआनही वारला. जे पत्रे वाचले ते लिलावात विकले गेले. यान्सोनियसच्या वारसांकडील पुष्कळ पत्रे १६९४ मध्ये शेंक आणि व्हाल्क या दोघा व्यापाऱ्यांनी घेतले, आणि त्यांनीही कोरणी मागवून जुनी नावे खरवडायला सुरुवात केली.

लंडनमध्ये मात्र १६७३ चा नवा नकाशा तयार झाला होता. ऑगस्टिन हेरमान नावाच्या वसाहतवाल्याने चेसापीकच्या काठी वर्षानुवर्षे राहून तो प्रदेश पुन्हा मोजला होता. त्याच्या नकाशामुळे स्मिथच्या होडीने आखलेला किनारा साठ वर्षांनंतर प्रथमच मागे पडला.